एचआयव्ही पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर काय करावं? पहिले आठवडे आणि औषधांची सुरुवात

रिपोर्ट हातात पडल्यावर डॉक्टर किंवा समुपदेशक जे सांगतात, त्यातलं निम्मंही डोक्यात राहत नाही. शब्द कानावर पडत असतात, मन मात्र ‘पॉझिटिव्ह’ या एकाच शब्दापाशी अडून बसलेलं असतं. त्यामुळे हा लेख एका दमात संपवायची गरज नाही. आज हवा तेवढाच भाग वाचा, बाकीचा नंतर वाचा. पण एक गोष्ट आधीच ऐका: लोकांना सांगण्याची घाई नाही, गोळ्या सुरू करण्याची आहे. पुष्कळांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. भीतीपोटी पहिल्याच रात्री नको त्या माणसाला फोन केला जातो आणि दवाखान्याची पायरी मात्र महिनोन्‌महिने चढली जात नाही.

निदान पक्कं झालंय ना, ते आधी बघा

एका झटपट चाचणीवरून किंवा घरी स्वतः केलेल्या चाचणीवरून कुणाला एचआयव्ही आहे असं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वेगवेगळ्या तीन चाचण्या एकापाठोपाठ पॉझिटिव्ह आल्या, तरच निदान पक्कं धरतात. तुमच्या बाबतीत हे झालंय का, ते स्पष्ट विचारा. झालं नसेल तर उरलेल्या चाचण्या लगेच करून घ्या.

एकदा निदान पक्कं झालं की मात्र या लॅबमधून त्या लॅबमध्ये फिरू नका. हे फिरणं स्वाभाविक आहे, कारण मनाला कुठूनतरी ‘निगेटिव्ह’ ऐकायचं असतं. पण त्यात वेळ जातो आणि तो वेळ विषाणूला मिळतो.

पहिला आठवडा

एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे. एचआयव्ही हा विषाणू आहे. उपचार न घेता बरीच वर्षं गेली आणि प्रतिकारशक्ती पार ढासळली, की त्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेवर औषधं सुरू करणारी आणि ती नियमित घेणारी बहुतेक माणसं त्या अवस्थेला पोहोचतच नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर हाडांचा सापळा झालेल्या रुग्णाचं चित्र येत असेल, तर ते औषधं नव्हती त्या काळातलं आहे. पहिलं औषध, झिडोव्हुडिन, १९८७ साली आलं. तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत १९९६ च्या सुमारास रुळली आणि तिथून मृत्यू झपाट्यानं कमी झाले. आज लवकर उपचार सुरू करणाऱ्याचं आयुर्मान इतरांच्या जवळपास असतं.

या आठवड्यात मोठे निर्णय घेऊ नका. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, गाव सोडणं, सगळं पुढे ढकला. रात्री जागून इंटरनेटवर लक्षणं शोधणंही बंद करा. त्यापेक्षा मनात येणारे प्रश्न एका कागदावर लिहीत जा आणि तो कागद डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. तिथे बसल्यावर काहीच आठवत नाही, हा जवळजवळ सगळ्यांचा अनुभव असतो.

सोबत जेवण्यानं, मिठी मारण्यानं, एकच संडास वापरण्यानं, डास चावल्यानं, खोकल्यानं एचआयव्ही पसरत नाही. ताटवाटी वेगळी करायची नाही. इतरांनी करू नये आणि तुम्ही स्वतःहून तर मुळीच करू नये.

दवाखान्यातली पहिली भेट

पूर्वी सीडी४ ठरावीक आकड्याच्या खाली जाईपर्यंत औषधं सुरू करत नसत. सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींवर हा विषाणू हल्ला करतो त्यांची मोजणी; निरोगी माणसात ती साधारण ५०० ते १,५०० असते. २०१५ साली ‘स्टार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात सुमारे ४,७०० जण होते आणि सगळ्यांचा सीडी४ सुरुवातीला ५०० च्या वर होता. ज्यांनी लगेच औषधं घेतली, त्यांच्यात गंभीर आजाराचा किंवा मृत्यूचा धोका थांबलेल्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी निघाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सीडी४ कितीही असो, प्रत्येकाला उपचार द्यावेत असं सांगितलं. २०१७ पासूनची शिफारस तर निदानानंतर सात दिवसांच्या आत, आणि रुग्णाची तयारी असेल तर त्याच दिवशी औषध सुरू करण्याची आहे. म्हणून ‘मला काही त्रास होत नाही, मग बघू’ असं म्हणू नका.

पहिल्या भेटीत रक्त घेतलं जाईल. सीडी४, व्हायरल लोड (म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते), किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. यातल्या बहुतेक रिपोर्टसाठी गोळी अडवून ठेवायची नसते. हिपॅटायटिस बी आहे का, हे मात्र आवर्जून विचारा. एचआयव्हीची काही औषधं त्या विषाणूवरही काम करतात आणि ती परस्पर बंद केली तर लिव्हरचा आजार उसळू शकतो.

काही गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री दरदरून घाम येणं. सतत डोकं ठणकणं, मान आखडणं, नजर धूसर होणं. क्षयरोग किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असेल तर आधी त्याचे उपचार सुरू करून एचआयव्हीच्या गोळ्या थोड्या उशिरा देतात, आणि हे थांबणं डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. गरोदर असाल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर तेही सांगा. चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा. जडीबुटी, ताकदीच्या गोळ्या, सगळं.

गोळी सुरू करताना

या उपचाराला एआरटी म्हणतात. आज बहुतेक ठिकाणी सुरुवात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर या तीन औषधांनी होते. तिन्ही एकाच गोळीत असतात आणि ती गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. विषाणूची नवी पिल्लावळ तयार होणं ती थांबवते. आधीच पेशींमध्ये दडलेला विषाणू मात्र ती काढू शकत नाही, म्हणून गोळी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. ‘आयुष्यभर’ हे ऐकून छातीत धस्स होतं. आज फक्त आजची गोळी घ्यायची आहे, एवढंच धरून चाला.

वेळ निवडताना आदर्श वेळ शोधू नका. तुमची कधीच चुकत नाही अशी एखादी सवय शोधा. सकाळी दात घासणं ज्यांचं चुकत नाही, त्यांनी ब्रशशेजारी बाटली ठेवावी. घरात कुणाच्या नजरेला पडायला नको असेल, तर दुसरी सवय शोधा आणि मोबाइलवर साधा गजर लावा. गजराला औषधाचं नाव द्यायची गरज नाही. डोल्युटेग्रॅविर जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कधीही चालतं. रात्री घेतल्यावर झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळची वेळ करा.

बाटलीच्या तोंडाशी एक छोटी पुडी असते, ती दमट हवा शोषण्यासाठी असते. ती फेकू नका. ओळख लपवण्यासाठी सगळ्या गोळ्या दुसऱ्या डबीत ओतून लेबल फाडून टाकण्याचा मोह होतो, पण ते करू नका. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख त्यावरच असते. प्रवासात आठवड्याच्या गोळ्यांचा छोटा डबा चालतो. एक-दोन जादा गोळ्या सोबत असू द्या.

गोळी विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर विसरलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. एखादी चुकली म्हणून सगळं फुकट गेलं असं समजून पुढच्याही सोडून देऊ नका. खरं नुकसान तिथे होतं: अर्धवट औषधात विषाणू वाढत राहतो, त्या औषधाला सरावतो आणि मग ते लागू पडेनासं होतं.

अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, कॅल्शियम आणि लोह डोल्युटेग्रॅविरला शरीरात शोषू देत नाहीत. एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम किंवा लोह जेवणासोबत घेत असाल तर सगळं एकत्र चालतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांना ही सूट नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविरचा जादा डोस लागतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर त्याचं प्रमाण डॉक्टरांना तपासावं लागतं.

पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, झोप नीट न लागणं असा त्रास होऊ शकतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. वजनही वाढू शकतं. पण अंगावर पुरळ आणि सोबत ताप किंवा तोंडात फोड, डोळे पिवळे होणं, धाप लागणं असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणखी एक गोष्ट लोकांना घाबरवते: सीडी४ खूप कमी असताना औषध सुरू केलं, तर पहिल्या काही आठवड्यांत आधी दडून बसलेला एखादा संसर्ग अचानक उफाळून येतो. प्रतिकारशक्ती जागी होऊन त्या संसर्गाशी लढू लागल्यामुळे असं होतं. गोळी बाधली असं मानून ती मनानं बंद करू नका, लगेच दाखवा. सीडी४ कमी असेल तर इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्सॅझोल देतात, आणि क्षयरोग नसेल तर सीडी४ कितीही असला तरी क्षयरोग प्रतिबंधक गोळ्याही देतात. गोळ्यांची संख्या वाढलेली दिसली म्हणजे आजार बळावला असं नाही.

एचआयव्ही ‘मुळासकट बरा’ करण्याचं आश्वासन देणारे भेटतील. तसं औषध आज कुणाकडेही नाही. त्यांच्या नादी लागून एआरटी सोडलेल्या माणसांची तब्येत खालावते, आणि ते टाळता येण्यासारखं असतं म्हणून जास्तच वाईट वाटतं.

कुणाला सांगायचं?

एका माणसाला सांगा. पोटात गोष्ट ठेवणारं, घाबरून न जाणारं आणि गरज पडली तर दवाखान्यात सोबत येणारं कुणीतरी निवडा. बाकीच्यांचं नंतर बघू. एकदा बाहेर गेलेली बातमी परत घेता येत नाही, त्यामुळे नातलगांच्या यादीचा विचार सावकाश करा.

लैंगिक जोडीदाराची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे त्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. त्यांची तपासणी व्हायलाच हवी. आई पॉझिटिव्ह असेल तर मुलांचीही. तोंडानं सांगणं जमत नसेल तर समुपदेशकासमोर दोघांनी बसून बोलता येतं. जोडीदार हिंसक असेल, सांगितल्यावर जिवाला किंवा आसऱ्याला धोका असेल, तर एकट्यानं सांगू नका. आधी समुपदेशकाशी बोलून सुरक्षित मार्ग ठरवा. जोडीदार निगेटिव्ह असेल तर त्यांच्यासाठीही प्रेप नावाच्या प्रतिबंधक गोळ्या असतात. कंडोम फाटण्यासारखं काही झालंच, तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, पेप नावाचं औषध सुरू करता येतं.

सुरुवातीचे महिने कंडोम वापरा. औषधं नियमित घेऊन व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. हे मी दिलासा देण्यासाठी म्हणत नाही. युरोपात झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात सुमारे ७८० समलिंगी पुरुष जोडप्यांचा मागोवा घेतला होता; त्यांच्यात कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. त्याआधीच्या टप्प्यात स्त्री-पुरुष जोडपीही होती आणि निष्कर्ष हाच होता. इतर लैंगिक आजारांपासून मात्र गोळी वाचवत नाही, तिथे कंडोमच हवा. मूल हवं असेल तर तेही होऊ शकतं: उपचारांशिवाय आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

मनाचं काय?

राग, शरम, ‘हे माझ्याच वाट्याला का’, कुणी दिलं याचा शोध. हे सगळं येणार. कुणाकडून आलं हे बऱ्याचदा कळतच नाही. घरात ज्याची तपासणी आधी झाली, त्यानंच आजार आणला असं ठरत नाही. बायकांवर हा आळ हमखास येतो, कारण गरोदरपणात त्यांची तपासणी आधी होते. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना आणि हे दोन आठवडे टिकलं, तर नैराश्यासाठी उपचार मागा. एआरटीसोबत ते घेता येतात. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता, एकटे न राहता, कुणाला तरी सांगा आणि जवळचं रुग्णालय गाठा. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे गट असतात, समुपदेशकाला विचारा. दहा-पंधरा वर्षं गोळ्या घेत असलेल्या माणसाशी अर्धा तास बोलून जे मिळतं, ते लेखातून मिळत नाही.

सहाव्या महिन्याची तपासणी

औषध सुरू केल्यावर साधारण सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासतात, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा. पहिला रिपोर्ट चुकवू नका, औषध लागू पडतंय की नाही ते त्यावरूनच कळतं. आकडा १,००० च्या वर आला तर डॉक्टर आधी गोळ्या चुकल्या का, हे विचारतील. खरं सांगा. चुकल्या असतील तर त्याचं कारण शोधून मदत देतात आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तुम्ही ‘रोज घेतो’ म्हणालात, तर चालणारं औषध विनाकारण बदललं जाऊ शकतं. आणि विषाणू सापडला नाही असा रिपोर्ट आला, तर गोळी काम करतेय एवढाच त्याचा अर्थ. बंद केली की काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो. हातातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणा आणि गाव बदलणार असाल तर निघण्यापूर्वी उपचारांचे कागद आणि तिथल्या केंद्राचा पत्ता मागून घ्या.