घरची बिअर बाटलीत कधी भरायची?
एअरलॉकमधले (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे बिअर आंबून झाली, असं समजू नका. झाकण जरा सैल बसलं तरी बुडबुडे दिसत नाहीत. भरवसा हायड्रोमीटरवरच ठेवा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणावर; साखर आंबत जाते तशी घनता उतरते. बिअरचा नमुना भरलेल्या नळीत सोडल्यावर तो बोटांनी हलकेच फिरवा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर आकडा चढा दिसतो. एल प्रकारची बिअर १८ ते २० अंश सेल्सिअसला साधारण २ आठवडे घेते, थंडीत आंबणारी लागर त्याहून जास्त. सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०५० असेल तर आकडा बहुधा १.०१२ च्या आसपास टेकतो. तो २-३ दिवस जागचा हलला नाही तरच बाटल्या भरा. घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि काच फुटते. मी तर वर आणखी २ दिवस थांबतेच.