नाशकात व्हीगन पाहुण्यांना जेवू घालताना

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच, अगदी दूध-मधही न खाणारे. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीमागे दूध-तूप असतंच, आणि गल्ल्यावर ‘व्हीगन’ म्हटलं की पनीर सुचवतात. म्हणून शब्द सोडा, पदार्थांची नावं घ्या: “दूध, दही, तूप, लोणी, मध काहीच चालत नाही.”

१. सकाळी मिसळ. दही-ताक नको, पाव कोरा, हे ऑर्डर देतानाच सांगा. नाशिकची काळ्या मसाल्याची तर्री तेलाचीच, पाहुणे खूश होतात.

२. दुपारी पिठलं, ठेचा, भाकरी. भाकरीवर तूप न विचारता सोडतात, आधीच थांबवा.

३. जानेवारी ते मार्च असाल तर सोबत द्राक्षं घ्याच.

जपा: साबुदाणा खिचडी बरेचदा तुपातली असते. पावातही दूध पावडर असू शकते, विचारा.