ब्रिटिश गँगस्टर फिल्म कुठे फसते? स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

सूट, सिगरेट, शिव्या, एक टकला पंटर आणि मागे व्हॉइसओव्हर, झाली ब्रिटिश गँगस्टर फिल्म, असा समज आपल्या शॉर्टफिल्मवाल्या पोरांमध्ये पक्का बसलाय. त्यांनाच बोल लावण्यात अर्थ नाही म्हणा, खुद्द लंडनचे प्रोड्युसरही १९९८ नंतर काही वर्षं याच भ्रमात होते. गाय रिचीचा 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' तुफान चालला आणि मग जो उठला तो तसलाच सिनेमा काढायला लागला, त्यातले बहुतेक आज कुणाला नावानेही आठवत नाहीत.

फसले कारण उचलायचं ते राहिलं आणि भलतंच उचललं.

टोपणनावं घेतली, हिशोब राहून गेला

नक्कल करणारे पहिल्यांदा घेतात ती फ्रीझ फ्रेम, म्हणजे मधेच गोठवलेलं चित्र, आणि 'हॅचेट हॅरी' टाइप नावं. पण तो सिनेमा चालतो पैशाच्या हिशोबावर. चार मित्र, प्रत्येकाचे २५ हजार पौंड, म्हणजे एक लाख, ते घेऊन एडी थ्री कार्ड ब्रॅग खेळायला बसतो. हा खेळ म्हणजे आपल्या तीन पत्तीचा नातेवाईकच, त्यामुळे तो सीन आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही. खेळ ज्याचा आहे त्या दादाने, म्हणजे हॅचेट हॅरीने, छुपा कॅमेरा लावलेला असतो, आणि एडी टेबलावरून उठतो तेव्हा डोक्यावर पाच लाखांचं कर्ज आणि फेडायला एक आठवडा. मग भिंतीपलीकडून ऐकू येतं की शेजारचे गुंड गांजा पिकवणाऱ्या पोरांना लुटणार आहेत, तर हे ठरवतात त्या लुटारूंनाच लुटायचं, आणि मिळालेला माल विकायला निघतात तो नेमका ज्याचा आहे त्यालाच. हातात ज्या जुन्या शॉटगन आहेत त्यासुद्धा हॅरीनेच चोरायला लावलेल्या. ज्यांनी २००६ चा 'फिर हेरा फेरी' पाहिलाय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, का ते सांगायला नको.

एवढी गुंतागुंत असून आपण हरवत नाही, कारण प्रत्येक सीनला आपल्याला माहीत असतं की माल कुणाकडे आहे आणि कोण समजतोय की माझ्याकडे आहे. तेव्हा तुमची स्क्रिप्ट मधेच ढेपाळत असेल तर डायलॉगला पॉलिश मारत बसू नका, एक कागद घ्या आणि प्रत्येक सीनपुढे लिहा, पैसा आत्ता कुणाकडे, हत्यार कुणाकडे. सलग तीन सीन तेच उत्तर आलं तर गाडी तिथेच अडकलीय.

पानापानाला पिस्तूल

इंग्लंडमधल्या रस्त्यावरच्या साध्या पोलिसाकडे आजही बंदूक नसते, आणि १९९६ मध्ये स्कॉटलंडला डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाल्यावर १९९७ मध्ये हँडगन जवळपास पूर्ण बंद केल्या. त्या देशातल्या गोष्टीत बंदूक निघणं हीच मोठी घटना. 'गेट कार्टर' बघा, १९७१ चा, माइक हॉजेसचा. मायकल केनचा जॅक कार्टर भावाच्या मृत्यूचा छडा लावायला लंडनहून न्यूकॅसलला येतो, आणि भाड्याच्या खोलीत दोन गुंड त्याला न्यायला येतात तेव्हा तो अंगावर चिंधी नसताना शॉटगन घेऊन त्यांना थेट रस्त्यापर्यंत हाकलतो, शेजारीण बघत राहते आणि त्याच वेळी शाळकरी पोरांचं बँडपथक वाजत-गाजत रस्त्यावरून चाललेलं. भीती आणि हसू एकाच फ्रेममध्ये, एक गोळी न उडवता. बजेट नसलेल्यांसाठी तर ही पर्वणीच आहे, खोट्या पिस्तुलांचं भाडं वाचवा आणि कुणाच्या हातात हातोडी द्या.

क्रे बंधूंची आरती

रॉनी आणि रेजी क्रे, ईस्ट लंडनचे जुळे भाऊ. १९६५ मध्ये डेव्हिड बेली या फॅशन फोटोग्राफरने त्यांचे फोटो काढले आणि ते नटनट्यांच्या पंगतीत जाऊन बसले, पुढच्याच वर्षी रॉनीने ब्लाइंड बेगर नावाच्या पबमध्ये जॉर्ज कॉर्नेलच्या डोक्यात गोळी घातली, १९६९ ला दोघांना जन्मठेप. खरी गोष्ट एवढी, बाकी सगळा फोटोंचा महिमा. २०१५ च्या 'लेजंड'मध्ये टॉम हार्डीने दोन्ही भाऊ केलेत आणि काम भारी केलंय, प्रश्नच नाही, पण कॅमेरा त्यांच्या सूटच्या इतका प्रेमात आहे की ज्यांच्याकडून हे हप्ते घेत होते ते दुकानदार कुठे गायब झाले कळतच नाही. माझ्या मते १९९० चा 'द क्रेज' जास्त टोचतो, कारण त्यात आईला मध्यभागी आणलंय, बिली व्हाइटलॉने केलेली, पोरांवर जीव टाकणारी बाई, आणि घरातल्या त्या मायेतून हे दोघे कसे घडले ते बघताना अंगावर येतं. खऱ्या गुंडावर लिहिताना वसुली झालेल्या माणसाला किमान एक पूर्ण सीन द्या.

भाईला सगळं जमतं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी. ब्रिटिश गँगस्टरची मजा तो कुठे कमी पडतो यात आहे. 'द लाँग गुड फ्रायडे' घ्या, दिग्दर्शक जॉन मॅकेन्झी. बॉब हॉस्किन्सचा हॅरल्ड शँड हा लंडनचा दादा, पण त्याला आता दादा राहायचं नाहीये, त्याला बिल्डर व्हायचंय. थेम्सकाठच्या ओस पडलेल्या गोद्या विकसित करायच्या, त्यासाठी अमेरिकन माफियाचा पैसा आणायचा, यॉटवर पाहुण्यांपुढे भाषण ठोकायचं. हे शूट झालं १९७९ ला, आणि १९८१ मध्ये सरकारने खरोखरच डॉकलँड्ससाठी, म्हणजे याच गोद्यांच्या भागासाठी, महामंडळ काढलं, आज तिथे कॅनरी व्हार्फचे टॉवर उभे आहेत. म्हणजे गुंडाला जमिनीचा वास आधी आला होता, मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि मग त्याची माणसं मरायला लागतात, बॉम्ब फुटतात, आणि त्याला कळतच नाही कोण करतंय. शहरातल्या बाकीच्या दादांना उचलून आणून कत्तलखान्यात आकड्यांना उलटं टांगतो, तरी उत्तर नाही, कारण समोर आयआरए, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणारी आयर्लंडची सशस्त्र संघटना आहे, ज्यांना हप्ता नको, इलाका नको, आणि हॅरल्डच्या डोक्यात पैशाशिवाय दुसरं कारण बसतच नाही. त्याची ताकद तीच आहे, फक्त ती जिथे चालायची ते जग सरकलंय. तुमच्या भाईसाठी असा एक शत्रू शोधा ज्याला विकत घेता येत नाही. सापडला नाही तर भाई शेवटपर्यंत नुसता रुबाब करत फिरेल आणि प्रेक्षक मोबाइल काढेल.

याच सिनेमात हॅरल्डची जोडीदार झालेल्या हेलन मिरेनने आपली भूमिका नुसती शोभेची बाहुली राहू नये म्हणून आग्रह धरला होता, आणि त्याचा फायदा असा झाला की हॅरल्ड घाबरतो तेव्हा ते बघणारं घरात कुणीतरी आहे.

बोली धुऊन काढणं

'द लाँग गुड फ्रायडे'त अमेरिकेत कळणार नाही म्हणून हॉस्किन्सचा आवाजच दुसऱ्याकडून डब करून घेतला होता. त्याने भांडण केलं, आणि पुढे जॉर्ज हॅरिसनच्या, हो, बीटल्सवाल्याच, हँडमेड फिल्म्सने सिनेमा विकत घेऊन थिएटरात आणला. हॅरल्डची बोली काढली तर उरतो एक बुटका चिडका माणूस. तुमचा गुंड जिथला आहे तिथलं बोलू द्या, सबटायटल लावा वाटल्यास, 'लॉक, स्टॉक'मध्ये इंग्लिश माणसाच्या इंग्लिशलाच सबटायटल लावलेत.

व्हिलन म्हणजे धिप्पाड

आपल्यासाठी बेन किंग्जली म्हणजे गांधी. तोच माणूस २००० च्या 'सेक्सी बीस्ट'मध्ये डॉन लोगन म्हणून येतो आणि घर हादरतं. रे विन्स्टनचा गॅल रिटायर होऊन स्पेनच्या किनाऱ्यावर पडलाय. त्या किनाऱ्यावर इंग्लिश गुन्हेगार खरंच जाऊन राहायचे, कारण १९७८ ते १९८५ ब्रिटन आणि स्पेनमध्ये प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. डॉन त्याला एका दरोड्यासाठी न्यायला येतो, गॅल नाही म्हणतो, डॉन ऐकत नाही, आणि सिनेमाचा मोठा भाग एवढाच आहे. डॉन अंगापिंडाने लहान, गॅल त्याच्या दुप्पट, तरी घामाघूम होतो तो गॅल. का? कारण डॉन घरातून जातच नाही. हे लिहायला पैसा लागत नाही, फक्त 'नाही' हे उत्तर न घेणारा माणूस नीट लिहायला लागतो.

शेवटी दया येते

'गेट कार्टर'चा २००० साली अमेरिकेत रिमेक झाला, न्यूकॅसलच्या जागी सिअ‍ॅटल, केनच्या जागी स्टॅलोन, आणि केन स्वतः छोट्या भूमिकेत. तो आपटला. मूळ सिनेमात कार्टर बदला पूर्ण करतो आणि कोळशाच्या चुऱ्याने काळ्या झालेल्या किनाऱ्यावर लांबून एक गोळी येते, खलास. रिमेकमध्ये तो जिवंत राहतो. मूळचा सुपारीवाला आपल्याला आधीच दिसलेला असतो, पहिल्याच प्रवासात, कार्टरच्या ट्रेनच्या डब्यात बसलेला, बोटातल्या अंगठीवरून नंतर ओळखायचा. म्हणजे सिनेमाभर कार्टर ज्या ऐटीत लोकांना मारत फिरतो ती सगळी उधारीची होती, आणि हे दुसऱ्यांदा बघताना कळतं. त्याला वाचवला की हा हिशोबच रद्द. म्हणून शेवटचा सीन आधी लिहून ठेवा, आणि मग पहिल्या पाच पानांत त्या सीनमधला माणूस कुठेतरी कोपऱ्यात बसवून या.