पहिली पदवी वेगळ्या विषयाची, आता मानसशास्त्र : ब्रिटनमधील कन्व्हर्जन पदवी कशी करावी

वाणिज्य, अभियांत्रिकी, साहित्य किंवा अशाच कोणत्याही विषयाची पदवी हाती असलेल्या माणसाला मानसशास्त्राकडे वळता यावे, यासाठी ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे एक खास एमएससी चालवतात. तिला तिकडे सर्रास ‘कन्व्हर्जन कोर्स’ म्हणतात. पूर्णवेळ केल्यास ती साधारण एका वर्षात आणि अर्धवेळ केल्यास दोन वर्षांत पुरी होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती पदव्युत्तर पदवी असल्याने पुढची पायरी वाटते, परंतु आशयाच्या दृष्टीने ती मानसशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीचा गाभा एका वर्षात बसवण्याचा खटाटोप आहे. ही पदवी घेतल्याने कोणी मानसोपचार करणारा तज्ज्ञ होत नाही. तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करण्याची पात्रता तेवढी मिळते. हा फरक आधी लक्षात घेतला नाही, तर वर्ष आणि पैसा दोन्ही खर्चून माणूस दारातच उभा राहतो.

या पात्रतेलाच ‘जीबीसी’ (ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप) म्हणतात. १९०१ साली स्थापन झालेली ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे बीपीएस, ही संस्था विद्यापीठांचे अभ्यासक्रम तपासून त्यांना मान्यता देते, आणि मान्यताप्राप्त कन्व्हर्जन अभ्यासक्रम किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला चार्टर्ड सदस्यत्वाचा पाया म्हणून जीबीसी मिळते. यात एक बारीक अट आहे : स्वतः केलेल्या संशोधनाचा प्रकल्प स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावाच लागतो. इतर विषयांतले चांगले गुण त्याची भरपाई करू शकत नाहीत.

आधी शेवट ठरवावा

अर्ज भरण्यापूर्वी आपल्याला कोणत्या देशात आणि कोणते काम करायचे आहे, हे कागदावर लिहून काढावे आणि तेथून उलटे मोजत यावे. ब्रिटनमध्ये ‘सायकॉलॉजिस्ट’ हा नुसता शब्द कायद्याने राखीव नाही, मात्र क्लिनिकल, कौन्सेलिंग, एज्युकेशनल, फोरेन्सिक, हेल्थ, ऑक्युपेशनल, स्पोर्ट अँड एक्सरसाइज ही सात विशेषणे लावलेली पदनामे, तसेच ‘प्रॅक्टिशनर’ आणि ‘रजिस्टर्ड’ ही दोन, अशी एकूण नऊ पदनामे जुलै २००९ पासून संरक्षित आहेत. आज त्यांची नोंदणी एचसीपीसी ही नियामक संस्था करते. यांपैकी कोणतेही नाव लावायचे तर कन्व्हर्जननंतर आणखी काही वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी तीन वर्षांची डॉक्टरेट आहे आणि तिच्या जागांसाठी प्रचंड चुरस असते. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने मिळणाऱ्या, पगारी स्वरूपाच्या जागांना निवासाच्या अटी असतात, तर काही विद्यापीठे स्वखर्चाने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा ठेवतात. तेव्हा पुण्या-नागपूरहून जाणाऱ्याने कन्व्हर्जनचा हिशेब मांडताना त्यापुढच्या तीन वर्षांचाही हिशेब त्याच कागदावर मांडावा.

महाराष्ट्रात परत येऊन चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल, तर मी ब्रिटनमधील कन्व्हर्जन पदवीचा सल्ला देणार नाही. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येनुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली पात्रता असलेला, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल केलेला माणूस. कन्व्हर्जनच्या वर्षात रुग्णांसोबतचे असे काम जवळपास नसतेच. भारतातच राहून विषय बदलायचा असेल, तर २०२५ पर्यंत इग्नूच्या दूरशिक्षणातील एमए मानसशास्त्राला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळत असे आणि त्याचा खर्च परदेशी शुल्काच्या तुलनेत नगण्य होता. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात शैक्षणिक पात्रतांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यामुळे तिकडच्या एका वर्षाच्या मास्टर्सबद्दलची जुनी भीती बरीच कमी झाली आहे. तरीही ऑनलाइन केलेल्या पदवीला भारतात समकक्षता मिळेलच, असे गृहीत धरू नये.

अभ्यासक्रमाचे नाव नव्हे, मान्यता पाहावी

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा एका सल्लागाराने माझ्यासमोर ‘एमएससी क्लिनिकल सायकॉलॉजी’चे चकचकीत माहितीपत्रक ठेवले आणि हीच वाट सर्वांत जवळची असल्याचे ठामपणे सांगितले. घरी येऊन प्रवेशाच्या अटी वाचल्यावर कळले की त्या अभ्यासक्रमाला मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी आधीच हवी होती. क्लिनिकल, हेल्थ, फोरेन्सिक अशा नावांच्या बहुतेक एमएससी पदव्या मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी असतात. काहींत इतर शाखांचे विद्यार्थी घेतातही, परंतु त्यातून जीबीसी मिळत नाही. उलट ग्लासगो विद्यापीठाची कन्व्हर्जन पदवी ‘सायकॉलॉजिकल स्टडीज’ या साध्या नावाची आहे आणि एडिंबरा विद्यापीठाची ‘सायकॉलॉजी ऑफ मेंटल हेल्थ’ या नावाची. म्हणून नावावर न जाता बीपीएसच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत तो अभ्यासक्रम शोधावा, आपल्या प्रवेशवर्षासाठी मान्यता आहे ना हे पाहावे आणि शंका उरल्यास विद्यापीठाला ईमेल करून ‘या पदवीने जीबीसी मिळते का?’ एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा. आलेले उत्तर जपून ठेवावे.

प्रवेशासाठी पहिल्या पदवीत चांगले गुण लागतात. विद्यापीठानुसार भारतीय पदवीचे ५५ ते ६० टक्के किंवा त्याहून अधिक मागितले जातात. इंग्रजीसाठी बहुधा आयईएलटीएसचा ६.५ गुणांक लागतो, मात्र काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतील गुणही मान्य करतात, त्यामुळे परीक्षेचे शुल्क भरण्याआधी विचारून घेणे बरे. काही ठिकाणी मानसशास्त्राचा थोडा अभ्यास आधी झालेला हवा असतो.

सर्वाधिक अर्ज अडखळतात ते निवेदनपत्रावर. ‘मला लहानपणापासून माणसांची मने वाचायला आवडतात’ अशा अर्थाचे वाक्य निवड करणाऱ्या प्राध्यापकांनी हजारदा वाचलेले असते. मी पतपेढीत तीन वर्षे काम केले होते, आणि माझ्या पत्राचा पहिला परिच्छेद मुदत ठेवीच्या नूतनीकरणावर होता : व्याजदर जास्त असलेली दुसरी योजना त्याच टेबलावर उपलब्ध असूनही बरेच वयस्कर ठेवीदार ‘आहे तेच पुढे चालू ठेवा’ म्हणत सही करत. हे अज्ञान, विश्वास की निर्णय टाळण्याची प्रवृत्ती, आणि यांतला फरक कसा तपासता येईल, असा प्रश्न मी त्यात मांडला. आपली जुनी पदवी आणि नोकरी लपवण्याची गोष्ट नव्हे. तिच्यातून निघालेला एक तपासण्याजोगा प्रश्न मांडला, की विषय का बदलायचा याचे उत्तर आपोआप मिळते.

वर्ष कसे जाते

एकूण १८० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास असे धरले जाते. म्हणजे वर्षभरात १८०० तास, आठवड्याला नोकरीइतकेच काम. जैविक, बोधनिक, सामाजिक आणि विकासात्मक मानसशास्त्र, व्यक्तिभेद आणि मानसशास्त्राचा वैचारिक इतिहास हे विषय बीपीएसच्या अटीप्रमाणे असावेच लागतात. हे सगळे वाचून समजते. माणसे दमतात ती संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्रापाशी. कला शाखेतून आलेल्यांना आकड्यांची धास्ती असते हे खरे, पण अभियंतेही येथे घसरतात, कारण सूत्र येणे आणि त्याचा अर्थ लावता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक उदाहरण घेऊ. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापला आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला सांगितले, तर उत्तर द्यायला वेळ लागतो. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगामुळे याला स्ट्रूप परिणाम म्हणतात, आणि वर्गातला पहिला प्रयोग बहुधा हाच असतो. समजा, ३० जणांकडून जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या अशा दोन्ही याद्या वाचून घेतल्या. प्रत्येक माणसाच्या दोन वेळा हाती आल्या, म्हणून जोडीतला टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासरींतला फरक तपासण्याची चाचणी, वापरायचा. त्याचे स्वातंत्र्यांश २९ येतात, कारण मोजायचे ते ३० फरक असतात. ‘पी’ मूल्य ०.०३ आले, तर ‘माझे गृहीतक ९७ टक्के खरे ठरले’ असे लिहिण्याचा मोह होतो आणि तेथेच गुण जातात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की प्रत्यक्षात फरक नसता तर असा किंवा याहून टोकाचा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता ३ टक्के आहे. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत बिनचूक लिहिता येऊ लागले, की पुढचे अर्धे संख्याशास्त्र सोपे होते. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत मानसशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचण्यापेक्षा सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि टी-टेस्ट एवढेच पक्के करावे. एसपीएसएस किंवा आर या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालींपैकी आपल्या विभागात काय वापरतात हे विचारून त्याचाही हात बसवावा.

प्रयोगाचा अहवाल एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनपद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार लिहायचा असतो, आणि आपल्याकडील परीक्षेत पाने भरण्याची सवय असलेल्याला त्याचा काटेकोरपणा सुरुवातीला जाचतो. पद्धतीचा भाग असा लिहावा, की तो वाचून परक्या माणसाला तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. निकालांच्या भागात फक्त निकाल सांगावेत, त्यांचा अर्थ चर्चेच्या भागात लावावा. पहिल्या अहवालावर लाल शाईत आलेले शेरे फाइलला लावून ठेवावेत, कारण त्याच चुका प्रबंधात पुन्हा होतात.

संशोधन प्रकल्पाचा विषय हिवाळ्यातच ठरवावा. नीतिविषयक समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकाही माणसाकडून माहिती गोळा करता येत नाही आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येणे हा नियमच समजावा. रुग्ण, लहान मुले किंवा एनएचएसमधील लोक विषयात आले की मंजुरी लांबते. एका वर्षाच्या पदवीत हे धाडस करू नये. आणखी एक हिशेब आधी करावा : दोन स्वतंत्र गटांत मध्यम आकाराचा फरक ८० टक्के शक्यतेने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात, तर त्याच माणसांची दोनदा मोजणी केली तर ३४ पुरतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुवा टाकून १२८ जण मिळतील, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहावाच.

पैसा आणि व्हिसा

परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क विद्यापीठागणिक फार बदलते आणि लंडनमध्ये राहण्याचा खर्च वेगळाच असतो. व्हिसासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अशा शिकवणीच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना आश्रित म्हणून नेता येत नाही, त्यामुळे संसारी माणसाने ही बाब सर्वांत आधी घरात बोलावी. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट रूट या व्हिसाखाली ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने मिळतील. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील व्यक्तींना इंग्लंडमध्ये मास्टर्ससाठीचे सरकारी कर्ज मिळू शकते, परंतु आधीच एखादी मास्टर्स पदवी असेल, मग ती भारतातील एमकॉम का असेना, तर मिळत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी डर्बीसारख्या विद्यापीठांचे ऑनलाइन कन्व्हर्जन आहे. त्यातूनही जीबीसी मिळते, मात्र त्याच्या आधारे व्हिसा मिळत नाही.

निकाल लागल्यावर गुणपत्रक जोडून बीपीएसकडे सदस्यत्वाचा अर्ज करावा, कारण जीबीसी आपोआप टपालाने येत नाही. त्यानंतर बहुतेक जण सहायक मानसशास्त्रज्ञाची, मदतनीस कर्मचाऱ्याची किंवा एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज या संवादातून उपचार करणाऱ्या सेवेतील प्रशिक्षणार्थीची नोकरी शोधतात. सहायकाच्या एका जागेसाठी इतके अर्ज येतात, की जाहिरात मुदतीआधीच बंद होते. जाहिरात निघालेल्या दिवशीच अर्ज करता यावा म्हणून वर्षभरात केलेल्या स्वयंसेवी कामाची, मग ते हेल्पलाइनवरचे असो वा वृद्धाश्रमातले, तारीखवार नोंद प्रबंध लिहीत असतानाच तयार ठेवावी.