नवी पोरं दुसऱ्यांदा का येत नाहीत? मोटरस्पोर्ट क्लबांनो, या चुका टाळा

ऑटोक्रॉस म्हणजे प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडून आखलेल्या ट्रॅकवर गाडीच्या प्रत्येक फेरीची, म्हणजे रनची, वेळ मोजणारी स्पर्धा. तिथे पहिल्यांदा आलेली पोरं पुन्हा फिरकत नाहीत, ही क्लबांची जुनी तक्रार. ‘त्यांना शिस्त नको असते’ हे उत्तर चूक आहे. शिस्त चालते, ती ऐनवेळी, चारचौघांत सुनावलेली चालत नाही.

गाडी थेट स्पर्धेच्या सकाळी तपासणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आठ दिवस आधी एखाद्या गॅरेजमध्ये मोफत तपासणी ठेवा. बॉनेट उघडून बॅटरी दोन्ही हातांनी हलवायला त्या मुलालाच सांगा. हलली तर क्लॅम्पचा नट सैल आहे. जोरात वळताना बॅटरी सरकून पॉझिटिव्ह टर्मिनल पत्र्याला टेकलं की शॉर्ट झालंच. मोठे अलॉय टाकले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर लायनरला (चाकाच्या कमानीतल्या अस्तराला) घासतो का, ते पाहा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हेही विचारा. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पण पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. मग लागोपाठच्या रनमध्ये पेडल स्पंजी होतं. ड्रायव्हरकडचं मॅट, स्टेपनी, जॅक आणि पाण्याच्या बाटल्या स्पर्धेच्या दिवशी गाडीबाहेर. ब्रेकखाली घरंगळत आलेली एक बाटली पुरेशी असते.

विम्याबद्दल गप्प राहणं. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. गाडी बहुतेकदा वडिलांच्या नावावर असते. हे फॉर्मसोबतच मराठीत लिहून द्या आणि घरी विचारून यायला सांगा. नंतर कळलं तर त्या घरातून पुन्हा कुणी येणार नाही.

पहिल्याच दिवशी खरेदीची यादी हातात देणं. नियमावलीत बसणारी चार-पाच हेल्मेट क्लबाने वेगवेगळ्या मापांत ठेवावीत, सोबत धुतलेल्या कापडी टोप्या. हनुवटीचा पट्टा आवळून हेल्मेट मागून पुढे ओढून पाहा. निघालं तर माप चुकलंय.

दिवसभर उन्हात उभं ठेवणं. रन मिनिटभराचा, थांबणं पाच तासांचं. मध्ये त्यांना मार्शलचं, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवायचं, काम द्या, जुन्या मार्शलच्या जोडीला. कोनभोवती आखलेल्या चौकोनातून कोन सरकला का, हे बघणं आणि वॉकीटॉकीवर गाडी नंबरासह कळवणं. दुसऱ्यांच्या चुका तिथून स्पष्ट दिसतात, लाइन, म्हणजे वळणातून गाडी नेण्याची वाट, आपोआप समजते. रन थांबवणारा लाल झेंडा मात्र नवख्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. ट्रॅक आधी पायी फिरवून दाखवा, घाईत नाही.

गाडी नसलेल्यांना परत पाठवणं. त्यांना टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत, म्हणजे ठरलेली सरासरी गती राखून नेमक्या वेळी पोचायच्या रॅलीत, नेव्हिगेटर करा; तो शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगतो. रोडबुक (आयोजकांनी दिलेली वळणांची आणि अंतरांची पुस्तिका), घड्याळ आणि कॅल्क्युलेटर एवढंच लागतं. सराव घरबसल्या होतो: सरासरी ताशी ३६ किमी म्हणजे किलोमीटरला १०० सेकंद, तर ७.२ किमीला १२ मिनिटं. आयोजकांचे १० किमी आपल्या ओडोमीटरवर १०.२ दिसले, तर रोडबुकमधलं प्रत्येक अंतर १.०२ ने गुणायचं. बहुतेक नवखे इथेच चुकतात आणि उशीर झाला म्हणून गाडी पळवायला सांगतात. तसं करायचं नाही, रस्ता सगळ्यांचा आहे; बऱ्याच रॅलींत लवकर पोचण्याचा दंड उशिरापेक्षा जास्तच असतो.

आणि निकाल त्याच संध्याकाळी द्या, प्रत्येक रनची वेळ आणि पडलेले कोन वेगळे दाखवून. पहिल्या आणि तिसऱ्या रनमधला फरक त्यांना तिथेच बघू द्या. सोबत पुढच्या तपासणीची तारीख छापा.