नोंदणीचा दाखला हातात होता, तरी...

कामगार कायद्याच्या अभ्यासाला लागलेली मुलं सध्या एकच विचारतात: नवी औद्योगिक संबंध संहिता आली, मग कामगार संघटनांचा १९२६ चा कायदा वाचायचा कशाला? वाचा. मी तो वरवर वाचला आणि त्याची किंमत माझ्या पक्षकारांनी मोजली.

वकिलीचं दुसरं वर्ष होतं. एका कारखान्याचे कामगार आले. संघटना नवी. नोंदणीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला लावून आणलेला. मालक बोलणी करायला तयार नव्हता. मी महाराष्ट्राच्या एमआरटीयू कायद्याच्या (कामगार संघटनांची मान्यता आणि मालक-कामगारांच्या अनुचित प्रथा, दोन्हींचा कायदा) दुसऱ्या अनुसूचीतल्या बाब ५ खाली औद्योगिक न्यायालयात तक्रार लावली. समोरच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "मान्यतेचा दाखला कुठे आहे?" वाटाघाटीला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते, पण ती 'मान्यताप्राप्त' संघटनेच्या बाबतीत. माझ्या गाईडमध्ये तो एक शब्द गाळलेला होता. तेव्हापासून माझ्या टेबलावर गाईड नाही. मूळ कायदाच वाचा, कंटाळा आला तरी.

आता हे नीट समजून घ्या. नोंदणीने संघटनेला कायदेशीर अस्तित्व आणि संरक्षण मिळतं. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या वादात हायकोर्टाने तिथल्या कामगार संघटनेचे नेते बी. पी. वाडिया यांना मनाई हुकूम बजावला. म्हणजे संघटना चालवणाराच कोर्टात खेचला गेला. १९२१ मध्ये कामगार नेते ना. म. जोशींनी कायदेमंडळात ठराव मांडला आणि त्यातून १९२६ चा कायदा आला. कलम १७ आणि १८ चं संरक्षण, म्हणजे कटाच्या खटल्यापासून आणि दिवाणी दाव्यापासून, तिथून आलंय. मालकाला बोलणीला बसवणं हे त्या कायद्याचं कामच नव्हतं. सक्तीच्या मान्यतेची दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण ती कधी लागूच झाली नाही. ही ओळ पुन्हा वाचा, माझी चूक इथेच झाली.

मान्यता वेगळी मिळवावी लागते. आपल्याकडे १९७१ च्या एमआरटीयू कायद्याने ५० किंवा जास्त कामगारांच्या उद्योगात ३० टक्के सदस्यसंख्या मागितली, तीही अर्जाआधीचे सलग सहा महिने. मान्यतेने काय फरक पडतो ते १९८२ च्या गिरणी संपात दिसलं. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणीचा हक्क तिचाच. माणसं एकीकडे आणि हक्क दुसरीकडे, हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

नव्या संहितेतही नोंदणी वेगळी आणि वाटाघाटीचा हक्क वेगळा. एकाहून जास्त संघटना असतील तर एकटीने बोलायला ५१ टक्के कामगार सदस्य लागतात. एवढा धागा हाती आला की विषय अजिबात अवघड नाही, घाबरू नका. मान्यता नसली म्हणजे सगळं संपलं असंही नाही: एमआरटीयूच्या कलम २२ खाली सदस्याच्या निलंबनाबद्दल, बडतर्फीबद्दल मालकाशी बोलता येतं, खातेचौकशीत त्याच्या बाजूने उभं राहता येतं.

आमची तक्रार मागे घ्यावी लागली. सात महिन्यांनी ते कामगार परत आले. पिशवीत दाखल्याच्या जोडीला वर्गणीच्या पावत्यांची चवड होती, महिन्यावार दोऱ्याने बांधलेली. मी अर्ज लिहायला घेण्याआधी ती सगळी मोजली.