भूजलात कीटकनाशक शोधताय? मग या चुका टाळा

बंद पडलेला कीटकनाशकांचा कारखाना किंवा गोदाम साफ करायला घेतलं की पहिला फोन ठरलेला असतो: "पाणी लॅबला दिलंय, रिपोर्ट कधी मिळेल?" गोदामात काय साठवलं होतं, कुठे सांडलं, खाली खडक कसा आहे, हे विचारणारा विरळाच. बहुतेक तपास लॅबच्या दारात पोचण्याआधीच फसलेले असतात.

लॅबचं तयार 'पेस्टिसाइड पॅकेज' मागवणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० (२०१२) या मानकात काही कीटकनाशकांची यादी आहे. डीडीटी, एंडोसल्फान, फोरेट, मोनोक्रोटोफॉस, ॲट्राझिन वगैरे. लॅब तीच यादी तपासून देते. तुमच्या गोदामात काय होतं, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

विदर्भातल्या एका जुन्या गोदामाचा रिपोर्ट माझ्याकडे आला, तेव्हा सगळ्या रकान्यांत 'बीडीएल' होतं, म्हणजे लॅबला मोजता येईल त्या पातळीच्या खाली. साइटवाले खूश, पेढे तेवढे यायचे बाकी. मी स्टॉक रजिस्टर मागितलं. शेवटची काही वर्षं तिथे प्रामुख्याने ॲसिफेट आणि इमिडाक्लोप्रिड उतरत होतं. दोन्ही मानकाच्या यादीत नाहीत, त्यामुळे तपासलेलीच नव्हती. मग तिथल्या जुन्या हमालाशी बोललो. तो म्हणाला, "बीएचसी पावडरची फुटकी पोती मागच्या खड्ड्यात जायची, साहेब." बीएचसी या जुन्या कीटकनाशकावर १९९७ मध्ये बंदी आली, पण मातीत गेलेलं बीएचसी इतक्या सहज संपत नाही. त्याचा ६० ते ७० टक्के भाग अल्फा प्रकारचा असतो आणि रिपोर्टात तपासला होता फक्त गॅमा, म्हणजे लिंडेन. कहर म्हणजे ऑल्ड्रिनची मर्यादा लिटरला ०.०३ मायक्रोग्रॅम, तर लॅबला ०.१ च्या खालचं दिसतच नव्हतं. तो 'बीडीएल' काय कामाचा?

म्हणून मी आधी रजिस्टर बघतो, वॉचमन आणि हमालांबरोबर चहा घेतो, ड्रम कुठे धुवायचे ते विचारतो आणि मगच लॅबला माझी यादी देतो. मूळ औषधाबरोबर त्यातून तयार होणारी रसायनंही तपासायला सांगतो, जसं डीडीटीसाठी डीडीई आणि एंडोसल्फानसाठी एंडोसल्फान सल्फेट. पातळ औषधं बऱ्याचदा झायलीनसारख्या द्रावकात बनवलेली असतात, तेव्हा ती द्रावकंही यादीत घालतो. प्रत्येक नावापुढे मोजण्याची किमान पातळी लिहून घेतो. लॅबवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

सरळ दोनशे फूट बोअर मारणं

दख्खनच्या काळ्या खडकात पाणी एका थरात नसतं. वर मुरूम आणि झिजलेला खडक, त्याखाली भेगांचा थर, मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा, मग पुन्हा पाणी. गोदामाची घाण बहुधा वरच्या थरात असते. तिथे रिगवाला येतो, मुरूम संपेपर्यंत केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला लागून जाणारा पाइप टाकतो आणि पुढे उघडं बोअर नेतो. "साहेब, खडक लागला, आता पाइप कशाला?" हे मी कितीदा ऐकलंय.

एका साइटवर नेमकं असंच झालं. वरच्या थरातल्या पाण्याला औषधाचा वास होता, खालचं पाणी गाव पीत होतं. घाईत तपासणीचं बोअर मारलं आणि भेगांतलं वरचं पाणी त्याच भोकातून खाली उतरू लागलं. काही महिन्यांनी खालच्या पाण्यालाही वास यायला लागला. प्रदूषण शोधायला आलेल्यांनीच त्याला वाट करून दिली! त्यात रिगच्या हवेने उडून जाणारी द्रावकं उडून गेली आणि कॉम्प्रेसरचं तेल पाण्यात उतरलं, ते वेगळंच.

वरच्या आणि खालच्या थरासाठी वेगवेगळी निरीक्षण बोअर घ्या. खाली जायचंच असेल तर वरचा थर पार होईपर्यंत केसिंग टाका, बाहेरची पोकळी सिमेंट आणि बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) भरा, ते घट्ट होऊ द्या आणि मगच पुढे जा. खर्च वाढतो, हे मान्य. ज्याला हा खर्च जड वाटतो त्याने खोल जाऊच नये.

साचलेलं पाणी भरून आणणं

नमुना घेण्याआधी बोअरमध्ये साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकायचं, हा नेहमीचा नियम. सहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. ३० मीटर पाणी असेल तर तिप्पट उपसा म्हणजे सोळाशे लिटर, आणि तोही पीएच व चालकता स्थिर होईपर्यंत. हाच नियम सहा मीटर रुंदीच्या उघड्या विहिरीला लावणारे उत्साही वीरही मी पाहिलेत. पाच मीटर पाणी म्हणजे १ लाख ४० हजार लिटर. तिप्पट उपसा कुठून करणार आणि ते पाणी सोडणार कुठे? अशा विहिरीत शेतकऱ्याची मोटर चांगली चालू असताना टाकीच्या आधीच्या तोंडातून नमुना घ्या. वरून बादली सोडू नका.

बाकीच्या, पटापट

प्लास्टिकची बाटली नको. गडद काच, टेफ्लॉन अस्तराचं झाकण.

बाटली नमुन्याच्या पाण्याने खळखळून धुऊ नका. औषध काचेला चिकटून राहतं आणि आकडा बिघडतो.

बर्फाची पेटी न्या आणि सात दिवसांत लॅबने निष्कर्षण, म्हणजे पाण्यातून औषध वेगळं काढणं, केलंच पाहिजे.

गढूळ नमुना नको. डीडीटी मातीच्या कणांना चिकटतं, मग आकडा पाण्याचा की चिखलाचा ते कळत नाही.

स्वच्छ विहीर आधी, घाणेरडी शेवटी. फील्ड ब्लँक, म्हणजे साइटवर शुद्ध पाण्याने भरलेली तपासणीची बाटली, रोज.

वरच्या अंगाची, म्हणजे गोदामाकडे भूजल जिकडून येतं त्या बाजूची विहीर सोडू नका. भोवती ऊस असेल तर तणनाशक म्हणून मारलेलं ॲट्राझिन शेतातूनही येतं. विहिरीवर फवारणीचा पंप कोण धुतो, तेही विचारा, नाहीतर सगळं पाप गोदामाच्या माथी.

मे महिन्यात एकदा नमुना घेऊन फाइल बंद करू नका. पावसाळा संपल्यावर त्याच विहिरी, त्याच पद्धतीने पुन्हा तपासा. तोवर पाणी चांगलं असल्याचं लेखी कुणालाही देऊ नका, सरपंचांनी कितीही आग्रह केला तरी.